सहाव्या खुर्चीचं मत

तिने सहाव्या माइकचा आवाज वाढवला, कारण त्या खुर्चीतल्या बाई फार हळू बोलत होत्या. आवाज वाढला आणि त्या बाई म्हणजे तिची आईच निघाली.

“गाडी हेच चालवतात,” आई सांगत होती. “मी शेजारी बसते. नकाशाबिकाशा मला कळत नाही, पण कुठे वळायचं ते मीच सांगते.”

खोलीतले सगळे हसले. काचेच्या अलीकडे, अंधारात, तिने मान वर करून पाहिलं. सहाव्या खुर्चीत आईच होती. ठेवणीतली शाल, विंचरून घट्ट बांधलेले केस, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. आईच्या बाजूने त्या काचेचा नुसता आरसा दिसत होता. आईने त्यात पाहून शाल सारखी केली आणि नजर वळवली.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि गाडी त्यांच्या घरी कधीच नव्हती. बाबा एका कारखान्याची बस चालवायचे. सकाळी कामगार आणायचे, संध्याकाळी पोचवायचे, आणि घरी आल्यावर टीव्हीवर गाड्यांच्या जाहिराती लागल्या की स्टुलावर पाय टाकून एकेका कंपनीची हजेरी घ्यायचे.

जाहिरातींवर लोकांची मतं गोळा करणाऱ्या संस्थेत तिला लागून सहा-सात महिने झाले होते. भौतिकशास्त्र शिकलेली म्हणून तिला आकड्यांवर बसवलं होतं, आणि हापिसात सगळे तिला आकडेबाई म्हणत. लोकांची मतं तिच्यापर्यंत येत ती टाइप होऊन, तक्त्यात बसून. माणसं ती कधी पाहत नसे. आज माइकवाला आजारी पडला, म्हणून तिला या भाड्याच्या जागेत, काचेमागच्या खोलीत पाठवलं होतं. मुलगी ‘कॉम्प्युटरवर काहीतरी’ करते एवढंच आईला माहीत होतं. आईला इथे कुणी आणलं तेही उघड होतं. समोरच्या काकू अशा चर्चांना नेहमी जायच्या. घरी येताना भेटीची पिशवी मिळते, आणि शिवाय दोन तास आपलं कुणी ऐकून घेतं, असं त्यांनी जिन्यात तिलाही ऐकवलं होतं.

नियम साधा होता. संस्थेत काम करणाऱ्यांचे नातेवाईक चालत नाहीत. आजच्या गटाला तर आणखी एक अट होती: नवराबायको मिळून गाडी घेण्याच्या विचारात असलेलं घर हवं. चुकीचा माणूस आत आला तर त्याला चारचौघांत उठवायचं नसतं. काचेमागून कुणीतरी जायचं, दार वाजवायचं आणि म्हणायचं, “तुमचा फोन आलाय.” माणूस बाहेर आला की पिशवी देऊन त्याला वाटेला लावायचं. त्याचं मत मग कुठेही धरत नाहीत.

तिने हेडफोन अर्धा काढला. हा प्रश्न झाला की जाऊ, असं तिने ठरवलं.

आत पहिली जाहिरात लागली. डोंगर, धुकं, एक लाल गाडी. चर्चा चालवणाऱ्या मॉडरेटरबाईंनी विचारलं, काय वाटलं?

“स्वातंत्र्य,” दाढीवाला मुलगा म्हणाला.

“लिटरला किती जाते ते काही सांगत नाहीत,” बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले.

“आमचे हे म्हणतात,” आई म्हणाली, “एवढा मोकळा रस्ता कुठे सापडला त्याचा पत्ता द्या आधी. गाडीचं नंतर बघू.”

काचेमागे तिच्या शेजारी बसलेला गाडी कंपनीचा साहेब फसकन हसला. या चर्चेचा खर्च त्याच्या कंपनीचा होता, आणि आपली कंपनी लोकांना कशी दिसते ते ऐकायला तो स्वतः आला होता.

ती हसली नाही. ते वाक्य बाबांचंच होतं. ‘पत्ता द्या’ म्हणून थोडं थांबणं, आणि मग ‘आधी’, तेही त्यांचंच. गेले काही महिने तिला बाबांचा आवाज नीट आठवेनासा झाला होता. चेहरा आठवायचा, आवाजाच्या जागी मात्र काहीच नसायचं. घरी त्यांच्याविषयी बोलणंच नव्हतं. दूध आलं का, बल्ब गेलाय, दार ओढून घे, इतकंच. ‘बाबा म्हणायचे’ असं तिने चुकून म्हटलं तरी आई उठायची आणि कुंड्यांना पाणी घालायला जायची, सकाळीच घातलेलं असलं तरी. टीव्हीवर आईने चादर टाकून ठेवली होती. आणि इथे सात अनोळखी माणसांत बाबा स्टुलावर पाय टाकून बसले होते.

उठलं की नियम पाळला जाणार होता, आणि बाबा गप्प होणार होते. तिने हेडफोन परत कानावर घेतला. आणखी एक प्रश्न.

“आता एक गंमत करू,” मॉडरेटरबाई म्हणाल्या. “समजा ही कंपनी म्हणजे माणूस आहे आणि तो तुमच्या घरी आलाय. कसा असेल?”

लाल गाडीवाल्या कंपनीला कुणी खेळाडू म्हणालं, कुणी परदेशातून शिकून आलेला भाऊ. आईची पाळी आली.

“हे म्हणतात, ती कंपनी म्हणजे आमचे थोरले भावोजी. चहाला येतात आणि फ्रीज उघडून तो केवढा आहे ते बघून जातात.”

“आणि दुसरी? सुरक्षिततेवाली?”

“ती होय! तो विमा एजंट. ‘कशी आहे तब्येत?’ म्हणून विचारतो, पण चेहऱ्यावर असं, की बरी नसली तर त्याचं नुकसान.”

निवृत्त गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. “तुमच्या मिस्टरांना भेटायला पाहिजे एकदा.”

“भेटू नका,” आई म्हणाली. “तुमचीही काढतील.”

आईच्या गालांवर रंग आला होता. ती पुढे सरकून, हात उडवत बोलत होती. पर्स खाली पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. काचेमागे मुलगी एकेक वाक्य टिपून घेत होती, आणि तिला हेही कळत होतं की यातलं एकही वाक्य मत म्हणून धरता येणार नाही. या माणसाची पसंती-नापसंती आता कशालाच लागू पडत नव्हती. तो काहीही विकत घेणार नव्हता.

“आणि ही तिसरी कंपनी?” मॉडरेटरबाईंनी काचेमागच्या साहेबाच्या कंपनीचं चिन्ह दाखवलं. साहेब ताठ झाला.

आईने जरा विचार केला. “ही म्हणजे शेजारी. नाव पटकन आठवत नाही. पण कपाट वर चढवायचं असलं की न बोलावता हात लावायला येतो, आणि काम झालं की चहाला थांबत नाही.”

“लिहून घ्या,” साहेब कुजबुजला. “शब्दन् शब्द लिहून घ्या. वर्षभर आम्ही हेच शोधतोय.”

मग साहेबाच्या कंपनीची एक जुनी जाहिरात लागली. आतले दिवे मंद झाले. सगळे पडद्याकडे बघत होते. आईने मात्र पहिली धून ऐकताच चष्मा काढला आणि शालीच्या टोकाने काचा पुसू लागली. एक काच झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली. जाहिरात संपून दिवे लागले तेव्हा तिने चष्मा घातला.

“ही आधी कुणी पाहिली होती?”

कुणीच नाही. मग आईने हात अर्धवट वर केला.

“मी पाहिली आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा खाली गेला होता, इतका की माइक पुरता उघडावा लागला. “हे टीव्हीसमोर बसले होते. मी आत होते. यांनी हाक मारली, ‘अगं ये लवकर, तुझी गाडी आलीय.’ मी हातातलं तसंच टाकलं आणि गेले. शेजारी बसले. दोघांनी पूर्ण पाहिली.”

“मग काय म्हणाले ते?”

“काही नाही.” आईने खाली पडलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. “पूर्ण पाहिली आम्ही.”

“छे, शक्यच नाही,” साहेब काचेमागे म्हणाला. “ही फक्त एकदा लागली होती. रविवारी दुपारी, फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात. त्याच संध्याकाळी वरच्यांनी बंद करायला लावली. फार संथ आहे म्हणे.”

“कुठल्या रविवारी?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं. तिला कॅलेंडर बघावं लागलं नाही.

त्या रविवारी ती परगावी परीक्षेला गेली होती. परत आली तेव्हा जिन्यातच चपलांचा ढीग होता. आत खुर्चीत बाबा होते आणि डॉक्टर त्यांच्यासमोर वाकून उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, काही दुखतंय म्हणाले का, कुणाला बोलावलं का? आई म्हणाली, “एक हाकसुद्धा मारली नाही हो.” मग भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत राहिला. शांतपणे गेले. कुणाला त्रास दिला नाही. तीही वर्षभर स्वतःला तेच सांगत आली होती. रात्री झोप लागण्यासाठी तेवढं वाक्य पुरायचं.

“थापा मारतायत बाई,” साहेब म्हणाला.

“नाही.” ती म्हणाली. “हाक मारली असेल त्यांनी.”

“मग तर सोन्याहून पिवळं! एकदाच दाखवलेली फिल्म या माणसाच्या लक्षात राहिली. त्यांनाच बोलवा पुढच्या आठवड्यात. आत निरोप द्या.”

निरोप तिने दिला नाही. साहेबानेच पुढे वाकून छोटा माइक ओढला. आत मॉडरेटरबाईंनी कानातलं बटण दाबून ऐकलं आणि त्या आईकडे वळल्या.

“तुमच्या मिस्टरांना पुढच्या आठवड्यात यायला जमेल का हो? आम्हाला त्यांचं मत प्रत्यक्ष ऐकायला आवडेल.”

आई आरशाकडे बघत राहिली. मुलीला क्षणभर वाटलं, आपण दिसतोय.

“ते आता बाहेर पडत नाहीत,” आई म्हणाली. “त्यांचं मत मलाच विचारा ना. मी बरोबर सांगते. काही चुकतंय का माझं?”

तिने हेडफोन काढून ठेवला, बाहेर आली आणि दार वाजवलं.

“सहा नंबर. तुमचा फोन आलाय.”

आईने तिच्याकडे पाहिलं. उठली, खुर्ची नीट आत सरकवली, शेजारच्या गृहस्थांना “येते हं” म्हणाली आणि तिच्या मागोमाग बाहेर आली. पॅसेजमध्ये भिंतीला लागून एक बाक होता. दोघी त्यावर बसल्या. भेटीची पिशवी मुलीच्या हातात होती. ती द्यावी की नाही ते तिला कळेना.

“इथे काम करतेस होय,” आई म्हणाली.

“हो.”

“सगळं ऐकलंस?”

“हो.”

“म्हणजे माझं आता धरणार नाहीत.”

“नाही धरता यायचं, आई.”

“बरोबर आहे. खोटं कसं धरतील?” आईने पर्सचा पट्टा सरळ केला. “पण ते भावोजींचं खरं होतं हं. खरंच म्हणायचे ते तसं.”

“माहीत आहे मला. मी होते तेव्हा.”

आत पुन्हा हशा उठला. दाढीवाला मुलगा काहीतरी सांगत होता. आई दाराकडे बघत होती.

“मिक्सर चालू होता गं,” ती म्हणाली. “हाक ऐकू आली, मागून हीच धूनही. आली नाही असं नाही. पण ते नेहमी दोनदा मारायचे. पहिल्या हाकेला मी कधी उठायचेच नाही. दुसरी आली की जायचे. मी दुसरीची वाट बघत होते.”

मुलीने तिचा हात धरला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग आईने तो सोडवून घेतला आणि चष्मा वर सरकवला.

“काय होतं त्या जाहिरातीत? मी आजही बघितली नाही.”

“सांगू?”

“सांग. नीट सांग. वगळू नकोस काही.”

“रेल्वेचं फाटक आहे,” मुलगी म्हणाली. “बंद. गाड्यांची मोठी रांग. आपल्या गाडीत एक माणूस आहे, पन्नाशीचा असेल. शेजारी त्याची बायको झोपलीय. मान काचेला टेकलेली. आगगाडी जाते. फाटक उघडतं, पुढच्या गाड्या निघतात. हा गाडी सुरूच करत नाही. इंजिनाच्या आवाजाने ती जागी होईल म्हणून. मागचे हॉर्न वाजवायला लागतात. मग तो हळूच दार उघडून उतरतो, मागे जातो, एकेका गाडीपाशी वाकून काहीतरी सांगतो. आणि त्या सगळ्या गाड्या एकेक करून बाजूने निघून जातात.”

“आणि ती?”

“ती झोपलेलीच.”

“एवढे हॉर्न वाजले तरी?”

“हो.”

“आणि त्याने उठवलं नाही तिला? एक हाकसुद्धा नाही?”

“नाही. तो येऊन शेजारी बसतो फक्त. मग कंपनीचं नाव येतं.”

आईने मान हलवली. बराच वेळ ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, तिथे काहीतरी चालू असल्यासारखी.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली. “फाटक उघडतं तिथपासून.”