वीस अंश कमी

मी निंबा. धुळ्यात हायवेला लागून माझी शेड आहे, कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट घासायची. चाळीस वर्षं झाली. तोंडाचा मी फटकळ, हे आधीच सांगून ठेवतो. गिऱ्हाईक फार शहाणपणा शिकवायला लागलं की मी त्याला चहा पाजतो, शाफ्ट हातात देतो आणि वाटेला लावतो. पण कामात मला कुणी बोट दाखवलेलं नाही. माझ्याकडून नेलेला शाफ्ट कुणी मोजून बघत नाही. याचा मला माज होता. होता म्हणजे होताच, खोटं कशाला बोलू?

मेघा ही फैजपूरच्या जीवरामची मुलगी. जीवराम माझा जुना दोस्त, केळीचा बागायतदार. पोर जळगावला कारखान्यात इंजिनियर आहे आणि सुट्टीच्या दिवशी जुनी जिप्सी घेऊन मातीवरच्या शर्यतीत उतरते. डिसेंबरात ती त्या जिप्सीचा कॅमशाफ्ट घेऊन आली. शर्यतीसाठी इंजिन नव्याने बांधत होती. तिला कॅम हवा होता दोनशे चौऱ्याऐंशी अंशांचा.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते कॅम. शाफ्ट फिरला की ते व्हॉल्व्ह उघडतात. जितके अंश जास्त, तितका जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा. मग गाडी वरच्या वेगात सुसाट सुटते, पण जागेवर उभी असताना थरथरते. लोखंड वाढवता येत नाही, म्हणून खालचा गोल भाग घासायचा, की उंचवटा आपसूक मोठा होतो. कुठला आकार उतरवायचा ते मास्टर ठरवतो. मास्टर म्हणजे मशीनवर चढवायची नमुन्याची चकती. माझ्या भिंतीवर अशा पंचवीसेक चकत्या खुंट्यांना टांगलेल्या आहेत.

मी तिला म्हटलं, दोनशे चौसष्ट घे, तू काय विमान उडवतेस का? ती हसली, पण हटली नाही. सोनगीरकडच्या माळावर आखलेला मार्ग तिने पायी मोजला होता. शेवटचा सरळ पट्टा लांब आहे, तिथे वरचा जोर लागणार, हे तिने कागदावर आकृती काढून दाखवलं. हिशेब बिनचूक होता. मी म्हटलं, बरं बाई, तुझंच खरं, उद्या दुपारी ने.

ती गेली आणि मी दोनशे चौसष्टचा मास्टर चढवला.

का? तर मला भीती वाटली. हिला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून बघतोय, माझ्याच शेडमध्ये ती नटबोल्टांशी खेळलीय. त्या पट्ट्यावर ती भन्नाट सुटलेली डोळ्यांपुढे आली आणि माझा हात दुसऱ्या खुंटीकडे गेला. वीस अंशांनी काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं. ती मोजणार नाही हेही मला पक्कं माहीत होतं.

आठवड्याने तिचा फोन आला, की नाना, गाडी जागेवर फारच शांत चालतेय. मी सांगितलं, कार्बोरेटर छान बसलाय. दुसरं खोटं.

जानेवारीतल्या शर्यतीत तिचा आठवा नंबर आला. मी गेलो नव्हतो, शेडमध्ये काम होतं. खरं तर तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. पुढच्या रविवारी ती स्वतःच जिप्सी घेऊन आली. मागच्या काचेवर कागद चिकटवलेला, विकणे आहे. माझ्याकडे खूप गाडीवाले येतात, तर मी कुणी गिऱ्हाईक बघावं, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, अगं, एका शर्यतीवरून काय एवढं?

ती बाकावर बसली. शेवटच्या पट्ट्यात गाडी दम टाकते, म्हणाली. प्लग बदलले, टायमिंग तपासलं, गियर कधी टाकते त्याचा व्हिडिओ दहा वेळा पाहिला. सगळं करून झालं होतं.

"कॅम तुम्ही घासलाय, म्हणजे तो चुकणार नाही," ती म्हणाली. "मग उरलं कोण? मीच ना. मला गाडी चालवता येत नाही, नाना. उगाच चार वर्षं घालवली."

माझ्या हातातली बशी खाली ठेवायला मला जागा सापडेना. अहो, मला वाटलं होतं पोर शिव्या देईल, शाफ्ट तोंडावर फेकेल. त्याची तयारी होती माझी. हिने तर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मी समोर चहा पीत होतो. लाज वाटली. फार लाज वाटली.

असं काही बोलायचं असलं की माझ्या तोंडातून घरची अहिराणीच निघते. "मनी चूक शे, पोरी," मी म्हटलं. "दोनशे चौसष्टचा घासलाय. जाणूनबुजून. तुझी काळजी वाटली म्हणून."

ती उठून भिंतीवरच्या चकत्यांपाशी गेली आणि दोनशे चौसष्टचा आकडा बोटाने चाचपला.

"काळजी वाटली तर नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मी दुसरीकडे गेले असते. मी स्वतःला मूर्ख समजत बसले ना इतके दिवस."



तिने तिथेच बाही वर करून इंजिन उघडलं आणि शाफ्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला. घासायला अजून जागा होती, तेवढं एक नशीब. मी दोनशे चौऱ्याऐंशीचा मास्टर काढला, तिला आकडा दाखवला आणि चढवला. दुपारभर घासायचा दगड चालला. ती मशीनपाशी उभी होती. तिला स्टूल दिलं, पण बसली नाही.

काम झालं तेव्हा मी सवयीने शाफ्ट पुसून, तेल लावून कागदात गुंडाळायला घेतला. मेघाने तो माझ्या हातातून घेतला. पिशवीतून अंश मोजायची स्वतःची डिग्री प्लेट आणि उंची मोजायचं डायल गेज काढलं, शाफ्ट ब्लॉकवर ठेवला आणि माझ्यासमोर मोजायला सुरुवात केली. पहिला कॅम, दुसरा कॅम. आकडे वहीत लिहीत होती. चाळीस वर्षांत माझ्या शेडमध्ये हे कुणी केलं नव्हतं. मी हात धुऊन आलो, पुन्हा धुतले. आठव्या कॅमपर्यंत तासभर गेला.

"बरोबर आहे, नाना," ती म्हणाली.

शाफ्ट बसवून तिने गाडी चालू केली. आता ती जागेवर थरथरत होती, हवी तशी. मेघाने मागच्या काचेवरचा कागद काढला, हात त्यालाच पुसले आणि तो माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग गाडीत बसून काच खाली केली.

"पुढच्या वेळीही मोजीन हं."

"मोज," मी म्हटलं.