पान खाल्लेली पाल

१९६२ साल. त्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत जमणार आणि जग बुडणार, असं पंचांगवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मदुरैच्या एका गिरणीत हेडक्लार्क असलेल्या शंकरलिंगम पिळ्ळैंनी तीन दिवसांची रजा टाकली आणि घरात रॉकेलचे दोन डबे भरून ठेवले. बुडत्या जगात रॉकेल कशाला, असं त्यांच्या बायकोनं, गोमतीनं विचारलं.  पिळ्ळै उठून देवघरात गेले आणि कुलदेवीला बोलले, "पेच्ची आई, जग वाचव. पंगुनी उत्तिरमला घरादारासकट येऊन तीन दिवस तुझ्या पायाशी राहीन."

जग वाचलं. पिळ्ळैंची पंचाईत झाली. सहा वर्षं ते कोणाकोणाच्या हाती नारळ पाठवून काम भागवत होते. पण जग वाचवून घेतल्यावर नुसता नारळ कसा पाठवणार?

म्हणून फाल्गुनातल्या त्या उत्सवाला चौघं निघाली. पिळ्ळै, गोमती, त्यांची बारा वर्षांची मुलगी वडिवू आणि पिळ्ळैंची थोरली बहीण पिच्चम्माळ. तिरुनेलवेलीपर्यंत आगगाडी, पुढं बस, शेवटचे तीन मैल बैलगाडी. गाडीत सगळ्यांच्या मांडीवर काही ना काही होतं. पिच्चम्माळच्या मांडीवर इडलीचं पातेलं होतं, आणि मनात एक बेत होता.

पिच्चम्माळ चोपन्न वर्षांची. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती थेट चुलीपाशीच. आई गेली, बाप गेला, भावाचं लग्न झालं, चूल तिच्याकडंच राहिली. तंबीला, म्हणजे धाकट्या भावाला, लसूण चालत नाही, म्हणून बत्तीस वर्षं त्या घरात लसूण आला नव्हता. तंबीला आमटी पातळ लागते, म्हणून पातळ. 'आज मला काय खावंसं वाटतं?' हा प्रश्न तिला शेवटचा कधी पडला होता, ते तिला आठवतही नव्हतं. पण जग बुडणार म्हणून सगळं घर देवघरात बसलं होतं, त्या दुपारी तिच्या मनात पहिला विचार आला तो लसणीच्या कुळंबूचा. भरपूर लसूण घातलेली ती दाट, आंबट आमटी खाल्ल्याशिवाय आपण बुडणार, याचं तिला फार वाईट वाटलं. मग जग वाचलं, तेव्हा तिनं ठरवलं की आता चूक नको.

इलवंकुळमला देवळाच्या गल्लीत घराण्याचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पुढं ओटा, मागं विहीर आणि शेवगा. उत्सवापुरतं उघडायचं, एरवी कुलूप. पिच्चम्माळनं कुलूप काढलं, घर झाडलं, आणि किल्ली कमरेला खोचून ओट्यावर येऊन बसली.

"तंबी, परवा तुम्ही सगळे जा. मी इथंच राहते."

"म्हणजे अजून दोन दिवस?"

"म्हणजे मरेपर्यंत."

"आणि घरी स्वयंपाक?" पिळ्ळैंच्या तोंडून आधी हेच निघालं. मग ते सावरले. "म्हणजे... लोक काय म्हणतील, अक्का? भावानं बहिणीला गावात टाकली म्हणतील."

"अप्पांनी माझ्या नावावर ठेवलेलं शेत इथं आहे. भात मिळेल. विहिरीला पाणी आहे. लोकांना म्हणावं, टाकली नाही, पळून गेली."

"या वयात?"

"आधी वेळच मिळाला नाही."

गोमती आत तांदूळ पाखडत होती. तिनं पाखडणं थांबवलं नाही, पण सुपाचा आवाज जरा जलद झाला.

पिळ्ळै येरझाऱ्या घालून दमले, तेव्हा त्यांना सुचलं. "ठीक आहे. मी कोण ठरवणारा? उद्या आईलाच विचारू."

आईला विचारायचं म्हणजे पालीला विचारायचं. पेच्ची म्हणजे बोलणारी, पण ती स्वतः कधी बोलत नाही. तिच्या वतीनं तिच्या गाभाऱ्यातली पाल बोलते. लग्न, विहीर, जमीन, सगळं त्या घराण्यात पालीनंच ठरवलेलं. प्रश्न विचारून कापूर लावायचा आणि गप्प बसायचं. देवीच्या उजव्या अंगाला पाल चुकचुकली तर हो, डाव्या अंगाला चुकचुकली तर नाही. तिच्यापुढं अपील नाही.

तिन्हीसांजेला पिळ्ळै पुजाऱ्याकडं उत्सवाचं बोलायला म्हणून निघाले. जाताना त्यांच्या हातात मदुरैहून आणलेली तीन सेलची नवी कोरी बॅटरी होती. परत आले ते अंधारात ठेचकाळत. बॅटरी नव्हती. पिच्चम्माळच्या मनात पाल चुकचुकली, पण ती कोणत्या अंगाला, ते तिला अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलत घराणीही जमली. देवळापुढं विटांच्या चुलींवर पोंगल शिजलं. मडकी उतू जाताच बायकांनी जीभ हलवून कुलवी घातली. त्यात पिच्चम्माळचा आवाज सगळ्यांच्या वर. तिची जीभ म्हणजे घराण्याचा दागिना होती. तान्ह्या वडिवूला गप्प करायला ती मांजर व्हायची, कावळा व्हायची. वडिवू मोठी होऊन डब्यातला चकलीसारखा मुरुक्कू चोरून 'मी नाही खाल्ला' म्हणायची, तेव्हा कुठूनशी पाल चुकचुकायची, आणि वडिवू रडत कबूल करायची. पुढं तिला कळलं, की ती पाल आत्याच्या गालात राहते.

दुपारी सगळे मंडपात बसले. देवीच्या उजव्या अंगाला बायका, डाव्या अंगाला पुरुष. इसक्की वेलार पुरुषांच्या बाजूला, समईपाशी उभा. वेलार म्हणजे कुंभार. देवीचे मातीचे घोडे तोच घडवायचा आणि तीस वर्षं पूजाही तोच करायचा. पिळ्ळैंनी खड्या आवाजात विचारलं, "आई, माझी बहीण इथं राहू म्हणते. राहू दे का?"

कापूर पेटला. सगळे श्वास रोखून बसले.

च्चक्, च्चक्, च्चक्. डावीकडून.

"झालं!" पिळ्ळैंनी गालावर हात मारून घेतले. "आईचीच इच्छा नाही, अक्का. मी काय करू?"

 बत्तीस वर्षं तिनं या देवीला कधी काही मागितलं नव्हतं. डोळे पुसायला तिनं पदर उचलला, आणि मध्येच थांबली. आवाज तिच्या कानात अजून होता, आणि तो ओला होता. पालीची जीभ कोरडी असते. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिनं वेलारकडं पाहिलं. त्याचा डावा गाल फुगलेला होता आणि ओठाच्या कोपऱ्यात लाल थेंब. ही पाल पान खाऊन बोलत होती.

तिनं पदर तोंडावर घेतला. च्चक्-च्चक्-च्चक्! खणखणीत, उजवीकडून.

"अगोबाई, उजवीकडं!" एक चुलत काकू ओरडली.

वेलारची मान झटकन वळली. क्षणभरानं डावीकडून पुन्हा ओली च्चक्. उजवीकडून कोरडी च्चक्-च्चक्. डावीकडून चार. उजवीकडून सहा. माणसं टेनिस बघावं तशी माना फिरवत होती.

"दोन पाली भांडताहेत," कोणीतरी म्हणालं.

"नवरा-बायको असतील," दुसरं कोणी म्हणालं.

वडिवूला हसू आवरेना. ती फुसकन् हसणार, तोच गोमतीनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवासमोर हसतेस?" असं म्हणताना गोमती मुलीकडं बघत नव्हती. ती नणंदेच्या पदराकडं बघत होती.

सातव्या की आठव्या फेरीला डाव्या पालीला ठसका लागला. वेलारचं पान भलत्या वाटेनं गेलं, डोळे पांढरे झाले. पिच्चम्माळनंच उठून त्याला तांब्या दिला आणि पाठीवर दोन थापा मारल्या, जरा जोरातच.

"आईचं... आज मन ठरत नाही," वेलार कसाबसा म्हणाला. "उद्या पहाटे पुन्हा विचारू."

ऊन उतरल्यावर ती त्याच्या अंगणात गेली. मातीचे घोडे वाळत होते. वेलार एका घोड्याचा कान घडवत होता.

"वेलार, पालीचा घसा कसा आहे?"

त्यानं मान वर केली नाही. "आच्ची, तुम्ही मोठ्या घरच्या. देवाच्या कामात असं करणं बरं का?"

"मग सांगू सगळ्यांना? तुझी पाल बॅटरीवर चालते म्हणून?"

"सांगा. मग मीही सांगतो, तुमची पदरावर चालते."

वेलारनं घोड्याच्या कानाला पाण्याचा हात लावला.

"तीस वर्षांत मी लाच घेऊन बोललो नव्हतो," वेलार हळूच म्हणाला. "मला जे बरं वाटायचं तेच बोलायचो. काल पिळ्ळै आले, बॅटरी बघितली... गुडघे गेलेत, आच्ची. रात्री दिवा लावायला येताना दिसत नाही. आणि खरं सांगू? मलाही वाटलं, एकटी बाई, इथं कंटाळेल."

"मी गर्दीत कंटाळलेय. संध्याकाळचा दिवा मी लावीन, मंडप मी झाडीन. तू उद्या फक्त गप्प बस."

"आणि बॅटरी?"

"ठेव. तंबीला परत मागता यायची नाही."

वेलार पहिल्यांदाच हसला. ती निघाली, तशी थांबली. "वेलार, खरी पाल कधी बोलते का रे?"

"बोलते ना. पण कोणी काही विचारलेलं नसतं तेव्हा."

तिसऱ्या दिवशी पहाटे मंडपात तेवढीच चौघं आणि वेलार. बैलगाडी दाराशी जुंपून उभी. सामानावर इडलीचं पातेलं, आणि पिळ्ळैंनी पिच्चम्माळचं बोचकंही त्यावर बांधून टाकलेलं. वेलारचं तोंड स्वच्छ धुतलेलं, गाल बसलेले. पिळ्ळैंनी प्रश्न विचारला. कापूर पेटला.

वेलार शब्दाला जागला. आता तिची पाळी होती. पदर तोंडावर घेऊन तिनं जीभ टाळूला लावली, आणि ती तिथंच राहिली. लाकडासारखी.  काल सगळ्या घराण्यासमोर खणखणीत बोललेली जीभ आज हलेना. काल ती खोड काढत होती. आज मागत होती, आणि मागायची तिच्या जिभेला सवयच नव्हती.

कापराची ज्योत बारीक झाली. वेलार तिच्याकडं बघत होता, डोळ्यांनी 'बोला, बोला' करत होता. तिनं नुसती मान हलवली. पिळ्ळै गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले.

"आई गप्प आहे. गप्प म्हणजे नाहीच. चला, बस चुकेल."

च्चक्... च्चक्-च्चक्.

उजवीकडून. जरा कच्ची, पण कोरडी.

पिच्चम्माळनं हळूच बाजूला पाहिलं. गोमती हात जोडून, डोळे मिटून बसली होती. चेहऱ्यावर अशी भक्ती की पाहणाऱ्यानं तिलाच नमस्कार करावा. फक्त मंगळसूत्राच्या वर, गळ्याशी, काहीतरी अजून थरथरत होतं.

"उजवीकडं," गोमती डोळे न उघडता म्हणाली. "मी स्पष्ट ऐकलं. तीनदा."

"मीपण!" वडिवू म्हणाली.

"मीही," वेलार म्हणाला आणि त्यानं घाईघाईनं घंटा वाजवली.

पिळ्ळैंनी एकदा वेलारकडं बघितलं, एकदा देवीकडं. बॅटरीचं नाव काढायची सोय नव्हती. ते बाहेर गेले आणि गाडीवरचं बोचकं सोडू लागले. गाठ त्यांनीच घट्ट मारली होती. सुटता सुटेना.

गाडीपाशी नणंद-भावजय क्षणभर एकट्या होत्या.

"गोमती, तुझी पाल अजून कच्ची आहे गं."

"सव्वीस वर्षं नुसती ऐकत होते, मदिनी. बोलायची संधी कुठं दिलीत? चुलीपाशी तरी कुठं जाऊ दिलंत?" गोमती हसली. "आता रसम मी करणार. माझ्या माहेरच्यासारखं."

पिच्चम्माळ तिच्याकडं बघत राहिली. सव्वीस वर्षं आपल्याला वाटत होतं, आपण त्या चुलीला बांधलेलो आहोत. त्या चुलीपुढं कोणाची वाट अडली होती, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिनं इडलीचं पातेलं उचलून गोमतीच्या हातात दिलं. "याचं झाकण सैल आहे. कापड लावून बसव."

गाडी वळणावर गेली, तशी ती वाण्याकडं गेली आणि पावशेर लसूण घेऊन आली. सगळा सोलायला दुपार झाली.

शंकरलिंगम पिळ्ळैंनी गोमतीच्या रसमबद्दल वर्षभर तक्रार केली, मग सवय झाली, मग दुसरीकडचं आवडेना. पुढं त्यांच्या मदुरैच्या घरात एक पाल फार बोलू लागली. वडिवूला कॉलेजात घालावं का, लग्न पाच वर्षं थांबवावं का, कशालाही. ती नेहमी गोमतीच्या मनासारखंच बोलायची. पिळ्ळै ते आईचं बोलणं मानून एकोणऐंशी सालापर्यंत सुखानं जगले.

वेलारच्या बॅटरीचे सेल दोन महिन्यांत संपले. त्यानं ती पुसून देवीपाशी ठेवली. एका उत्सवात कोणीतरी तिला कुंकू लावलं, आणि तेव्हापासून तिचीही पूजा होते. तो एकाहत्तर साली गेला. त्याचा मुलगा पान खात नाही.

गोमती नव्वदी ओलांडून गेली. शेवटपर्यंत चुलीपाशी कोणाला फिरकू दिलं नाही. वडिवूनं एकदा तिला आत्याच्या चुलीची आठवण करून दिली, तर म्हणाली, "गप्प बस, तुझ्या आत्याची गोष्ट वेगळी होती."

पिच्चम्माळ इलवंकुळमला तेवीस वर्षं राहिली. संध्याकाळी देवळात दिवा लावी, रोज मनात येईल ते शिजवी. कधी दोन दोन दिवस नुसता ताकभात खाई, कारण तेच खावंसं वाटे. पंच्याऐंशी सालच्या पंगुनीत, उत्सवाच्या आधी चार दिवस, ती ओट्यावर बसल्या बसल्या गेली. किल्ली कमरेलाच होती.

वडिवू पाळयंकोट्टैला तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. ती किल्ली आता तिच्याकडं असते. परवाच तिच्या नातवानं डब्यातला मुरुक्कू खाऊन 'मी नाही खाल्ला' म्हटलं, आणि घरात कुठूनशी पाल चुकचुकली. नातू आजीच्या गालाकडं बघत राहिला. हुशार आहे. त्याला फार दिवस लागणार नाहीत.