मेसमेट पडला

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, बसू नयेच. पण ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलंडच्या डोंगरात, लाकूडतोड्यांच्या तळावर हे घडलं आणि मी तिथे बैल हाकत होतो.

आमचा आचारी होरेस आयुष्यभर जहाजावर राबलेला. जहाजावर एका टेबलाशी जेवणारा सोबती म्हणजे मेसमेट. आमच्याकडे मात्र मेसमेट म्हणजे झाड. टणक लाकडाचं, काथ्यासारख्या सालीचं. होरेसला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातून त्याचा जहाजावरचा जिवलग बेझिल त्या रविवारी जेवायला यायचा होता.

सकाळी पर्सी करवत्या दारात आला. "होरेस, मेसमेट पडला. खिंडीत."

होरेसच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "फार लागलं का रे?"

"लागतंय कसलं? आतून पोखरलेलाच होता. रस्ता अडवून बसलेला, मग कापला तिघांनी."

"कापला?"

"अर्धा गिरणीला, अर्धा तुझ्या चुलीला. उगाच तोंड पाडू नकोस गड्या, मंगळवारी दुसरा आणतो."

होरेस पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. "टोपी होती त्याच्या डोक्यावर?"

आता झाडाला टोपी कुठली? पर्सीने माझ्याकडे पाहिलं, मी पर्सीकडे. आचारी बिघडला, एवढंच आम्हाला कळलं.

बैलांनी ओंडका ओढून आणला, तर होरेस चुलीला पाठ लावून उभा. "याला जाळू देणार नाही. आज चूल पेटणार नाही." सगळा तळ उपाशी. त्याने ओंडका टेबलाशी ठेवायला लावला, त्यावर स्वच्छ चादर घातली आणि रडत बसला.

इतक्यात बेझिल आला, टोपीसकट. चादर बघून त्याने टोपी काढली. "कोण गेलं रे?"

होरेसने आधी ओंडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू."

बेझिल खाली बसला. "कधी?"

"सकाळी. खिंडीत."

"मला कुणी सांगितलं नाही," म्हणत तोही रडायला लागला. दोघांची समजूत घालता घालता आम्हालाच कळेना, मेलेला नक्की कोणता. शेवटी होरेस उठला. मेला तर मेला, पण उपाशी जायचा नाही, म्हणाला. त्याने बेझिलला एक ताट वाढलं, ओंडक्याला एक. गरमागरम मटण, नुसत्या वाफा निघत होत्या—

"थांब, आल्फ," गुत्त्याची मालकीण डल्सी गल्ल्यामागून मला म्हणाली. "चूल पेटलीच नव्हती ना? मग वाफा कसल्या, तुझ्या थापांच्या?"