ही गाडी जांभळी आहे

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. रंगाने हिरवी आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माझ्या मागच्या फळीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'ही गाडी जांभळी आहे'. तुम्ही लहान आहात, तुम्हाला रंग ओळखता येतात. मोठी माणसं मात्र ती अक्षरं वाचतात, समाधानाने मान डोलवतात आणि पुढे जातात. या गोष्टीचा मला किती संताप येतो, ते आज एकदा सांगून टाकणार आहे.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी माझे पत्रे जोडले, माणसांनी माझे नटबोल्ट आवळले. शेवटी एका गृहस्थाने आत बसून ब्रेकचं पेडल दाबलं आणि खुशीत मान हलवली. त्याने ते एकदाच दाबलं होतं. चांगल्या ब्रेकला एकदाच दाबावं लागतं. एवढं ध्यानात ठेवा.

तिथून मी देशाच्या उत्तरेला, नान प्रांताच्या डोंगरात आले. मला पहिल्यांदा घेतलं खामनोई आत्यांनी. आल्याचा आणि आंबवलेल्या चहाच्या पानांचा व्यापार करणारी, फटकळ तोंडाची विधवा बाई. आमच्याकडे प्रत्येक वाराचा एक शुभ रंग असतो आणि एक वैरी रंग असतो. आत्यांचा जन्म बुधवारचा आणि बुधवारचा रंग हिरवा. दुकानात शिरताच त्या म्हणाल्या होत्या, "हिरवी आहे का? नसेल तर चहापाणी नको, मी निघते."

म्हणजे मीही रंगामुळेच निवडली गेले, हे मान्य आहे. पण त्या बाईंनी रंगावर भिस्त ठेवली नाही. रोज सकाळी मीठ लावलेलं चहाचं पान गालात धरून त्या अंगणात यायच्या. बॉनेट उघडून पाणी बघायच्या, इंजिनाचं तेल बघायच्या, ब्रेक ऑइलची डबी बघायच्या. मग कमरेला गुंडाळलेलं सारॉंगचं वस्त्र सावरून खाली वाकायच्या आणि प्रत्येक चाकामागे हात फिरवून बोटं नाकाशी न्यायच्या. "काय गं, कुठे गळलीस बिळलीस का?" असं मला विचारायच्या. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, "खामनोई गाडीची नाडी बघते." बघेनात का. पावसाळ्यात निसरड्या उतारावर पोत्यांनी भरलेली मी जागच्या जागी उभी राहायचे आणि तेच लोक म्हणायचे, "गाडी असावी तर अशी."

ते माझे सोन्याचे दिवस होते. पुढे आत्यांची नजर गेली. एके दिवशी त्यांनी मला स्वतःच्याच कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलं, खाली उतरल्या, उडालेली पिसं चाचपली आणि किल्ली भाच्याच्या हातात ठेवली.

भाचा म्हणजे इनसोम. माणूस वाईट नाही. गाणी म्हणत गाडी चालवतो, कुणाचंही ओझं न्यायला नाही म्हणत नाही. पण जन्म शनिवारचा, म्हणजे शुभ रंग जांभळा. आणि शनिवारचा वैरी रंग कोणता? हिरवा. झालं! त्या दिवसापासून माझ्या नशिबी आलं ते आलंच. टायरात खिळा घुसला, दोष रंगाचा. बॅटरी म्हातारी होऊन मेली, दोष रंगाचा. वायपरचं रबर फाटलं तेव्हासुद्धा इनसोम बायकोला म्हणाला, "बघितलंस? हिला मी आवडत नाही." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बॉनेट म्हणून वर उचलायचं नाही, तेल बघायचं नाही, आणि वर माझ्याच रंगाला नावं ठेवायची.

मग खरं दुखणं सुरू झालं. माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममध्ये एक छोटी रबराची वाटी असते. बोटाच्या पेराएवढी. ती वाळली, चिरली आणि ब्रेक ऑइल थेंब थेंब बाहेर येऊ लागलं. डबीतली पातळी उतरली. पेडल खोल जाऊ लागलं. मी काय करू शकत होते? मला तोंड नाही, एक लाल दिवा आहे. तो मी पेटवला.

इनसोमने तो पाहिला. त्याला त्या दिव्याचा त्रास होऊ लागला. मग त्याने काय केलं असेल? गाडीत वास करणाऱ्या मे यानांग देवीसाठी आरशाला मोगऱ्याची माळ टांगलेली असते. ती त्याने तिथून काढली आणि स्टीअरिंगच्या मागे, नेमकी त्या दिव्यासमोर अडकवली. दिवा दिसेनासा झाला. त्याच्या लेखी दुखणं संपलं.

पेडल दोन-तीनदा दाबलं की ब्रेक लागतो, हे त्याच्या पायाला कळलं आणि त्याने ती सवयच करून घेतली. त्याची बायको बुआचान हिने मात्र एकदा विचारलं.

"तुम्ही पेडल असं का झोडपता? भात कांडताय का?"

"अगं, गाडी ऐकत नाही माझं. हिरवी आहे ना."

"मग विका हिला आणि पांढरी घ्या."

"विराकाकांना विचारतो."

विराकाका म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या रेडिओवर दुपारी बोलणारे गृहस्थ. लोक फोन करून गाड्यांची दुखणी सांगतात, ते उत्तर देतात. हा कार्यक्रम माझ्याच पोटातल्या रेडिओवर लागतो, त्यामुळे मला तो ऐकावाच लागतो. त्या दुपारी एक बाई विचारत होत्या, जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, पण सीटखाली चिखल आहे, घेऊ का? विराकाका म्हणाले, "ताई, ती गाडी पोहून आलीय. माशाला विका." एकाला एसी लावला की वाळवलेल्या माशांचा वास येत होता. "मग भात घेऊन बसा," असं त्याला उत्तर मिळालं. मग इनसोमचा नंबर लागला.

"विराकाका, माझी हिरवी पिकअप आहे. कधी कधी पेडल खाली जातं. गाडी विकून पांढरी घेऊ का?"

"पेडल खाली जातंय? ते आधी दाखवून घ्या हो कुठेतरी. आणि जन्मवार कोणता तुमचा?"

"शनिवार."

"अरे बापरे, शनिवार आणि हिरवी!" विराकाका हसले. "रंग बदलायचा तर कचेरीत खेटे घालावे लागतील. त्यापेक्षा जांभळी असल्याची चिठ्ठी चिकटवा मागे. नशीब काय जवळ येऊन बघतंय?"

मित्रांनो, त्यांनी पेडलचं आधी सांगितलं होतं. मी साक्षीदार आहे. पण माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. इनसोम तसाच बाजारात गेला आणि ही चिठ्ठी माझ्या पाठीवर आली. चिकटवण्यापूर्वी त्याने माझी फळी साबणाने लख्ख धुतली. तेवढीच. फळीपासून हातभर अंतरावर ऑइल गळणारं चाक होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच.

एवढ्याने बुआचानचं मन भरेना. तिने माझ्या बॉनेटवर मे यानांगसाठी लाल सरबताची बाटली ठेवली, नळी घालून. डबीतलं ऑइल आटत चाललेलं आणि माझ्यापुढे सरबताचा नैवेद्य! नंतर मला विहारात नेलं. म्हाताऱ्या भिक्खूंनी माझ्या छताला आतून पांढऱ्या गंधाचे ठिपके लावले, मंत्र म्हटले, पाणी शिंपडलं. जाताना ते इनसोमला म्हणाले, "आशीर्वाद माझ्याकडून झाला. ब्रेक वगैरे तू बघ हो." इनसोमने हात जोडले आणि मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला.

मग आमचं नवं वर्ष आलं, सोंगक्रान. त्या दिवसांत सगळा देश एकमेकांवर पाणी उडवतो. पिकअपच्या हौद्यात पाण्याचं पिंप चढवायचं, मुलं भरायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला भिजवत गावभर फिरायचं. इनसोमनेही पिंप काठोकाठ भरलं. त्याची मुलगी मापरांग आणि शेजारची पोरं बादल्या घेऊन हौद्यात चढली, बुआचान त्यांना सांभाळायला मागे बसली. पुढच्या सीटवर खामनोई आत्या. डोंगराखालच्या मोठ्या घरी सगळी धाकटी मंडळी त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालणार होती आणि आशीर्वाद घेणार होती.

अंगणातून निघताना माझ्या चाकाखाली चांगलं तळहाताएवढं ओलं होतं. बुआचानने ते पाहिलंही. पण सोंगक्रानला ओलं काय नसतं? अंगण ओलं, माणसं ओली, कुत्री ओली. "पोरांनी आत्ताच पाणी सांडायला सुरुवात केली," एवढंच ती म्हणाली. इनसोमने या सणात शुभ म्हणून लावतात तो पांढरा लेप माझ्या दारांवर फासला आणि किल्ली फिरवली. मी सुरू व्हायला नको होतं असं तुम्हाला वाटेल. पण किल्ली फिरली की सुरू होणं हा आमचा धर्म आहे. बिघाड बघणं हा त्यांचा.

पहिल्या वळणावर आत्या म्हणाल्या, "इनसोम, तू पेडल तीनतीनदा का दाबतोस रे?"

"सवय आहे, आत्या."

"तुझी की गाडीची?"

"आत्या, आज सण आहे. जरा गाणं ऐका."

"माझ्या वेळी ती एकदाच दाबून थांबायची," आत्या म्हणाल्या. इनसोमने गाण्याचा आवाज वाढवला.

नंतरचा उतार लांब आहे. माझ्या पाठीवर पाण्याने भरलेलं पिंप आणि हसणारी मुलं. इनसोमने पेडल दाबलं आणि ते तळाला टेकलं. त्याने परत दाबलं, परत दाबलं. माझ्यात दाब म्हणून उरला नव्हता. त्याने हातब्रेक ओढला, पण चाक धरून ठेवणारे मागचे ब्रेक-लायनर त्या गळलेल्या ऑइलनेच बरबटले होते. ते नुसते घसरत राहिले. मागे मुलं अजून हसत होती, कारण वेग वाढला की मुलांना मजा वाटते. इतका असहाय संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. महिनाभर मी लाल दिवा पेटवून ठेवला होता आणि त्याच्यासमोर मोगरा डुलत होता.

इनसोमने गिअर खाली आणले. माझं इंजिन किंचाळलं, वेग थोडा तुटला, आणि त्याने मला दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या मातीत घातलं. हे त्याने योग्य केलं, हेही सांगायला हवं. पिंप आडवं झालं. मुलं शेजारच्या नांगरलेल्या आल्याच्या शेतात फेकली गेली. माती मऊ होती म्हणून वाचली. मापरांगचा उजवा हात मात्र पिंपाखाली आला. तिचं मनगट मोडलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. मागून येणाऱ्या पिकअपमधल्या लोकांनी तिला आणि बुआचानला घेतलं आणि ते खाली दवाखान्याकडे निघून गेले.

आता गर्दी जमली. माझं नाक चेपलेलं, रेडिएटरमधून पाणी वाहतंय, आणि माझ्याभोवती काय चर्चा चालली होती ते ऐका.

"हिरवी गाडी. दुसरं काय होणार!"

"अहो, चिठ्ठी होती म्हणून निभावलं. नाहीतर सगळे दरीत होते."

"चिठ्ठी जरा लहान लावलीस रे, इनसोम. नशिबाला लांबून दिसली नसेल."

आणि इनसोम मान हलवत होता. डोळे लाल, आणि तरी मान हलवत होता! मुलीचा हात मोडला तरी दोष माझ्या रंगाचाच. चोर सोडून संन्याशाला फाशी. वाकून माझ्या चाकाकडे बघावं असं त्या एवढ्या गर्दीत एकालाही वाटलं नाही.

तेव्हा खामनोई आत्या गाडीतून उतरल्या. माझ्या अंगावर हात ठेवत ठेवत मागे गेल्या आणि रस्त्यावर बसल्या. लोकांना वाटलं, म्हातारीला भोवळ आली. त्यांनी माझ्या डाव्या चाकामागे हात घातला, बोटं चोळली, नाकाशी नेली.

"इनसोम, इकडे ये. हात पुढे कर."

"आत्या, लागलंय का तुम्हाला?"

"हात पुढे कर म्हटलं ना."

त्याने दोन्ही हात पुढे केले. आत्यांनी आपला ओला तळवा त्याच्या तळव्यांवर पुसला. सावकाश, दोन्ही तळव्यांवर.

"आज तू माझ्या हातांवर पाणी घालणार होतास. आधी हे घे. चोळ. पाणी आहे का हे?"

इनसोमने बोटं चोळली. ती बुळबुळीत झाली होती.

"मला रंग दिसत नाही रे आता," आत्या म्हणाल्या. "ही हिरवी आहे की जांभळी, मला काय ठाऊक. पण ही गळतेय, हे मला आंधळीला समजलं. तुला डोळे होते."

इनसोम तिथेच रस्त्यावर बसला आणि ते हात तसेच पुढे धरून रडला. त्या दिवशी त्याने आत्यांच्या हातांवर पाणी घातलं नाही. म्हणाला, असल्या हातांनी नको.

मित्रांनो, माझं नाक नंतर ठोकून सरळ झालं. रबराची ती वाटी बदलली, लायनर बदलले. मापरांगचं मनगट जुळलं, पण बादली उचलताना ती अजून डावा हात वापरते. ते पाहिलं की माझा राग पुन्हा ताजा होतो, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. चिठ्ठी अजून माझ्या पाठीवर आहे. बुआचान ती काढू देत नाही. राहू दे. सरबतही ठेवा, माळही घाला, फक्त दिव्यासमोर नको.

तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, कुणाकुणाला विचाराल की कोणती घेऊ, कोणत्या रंगाची घेऊ. विचारा. पण घेतल्यावर रोज एकदा खाली वाका. इनसोम आता वाकतो. सकाळी अंगणात येतो, पेडल एकदाच दाबतो, मग चाकामागे हात फिरवून बोटं नाकाशी नेतो. नंतर पायरीवर बसलेल्या आत्यांजवळ जाऊन दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरतो. त्या ते चाचपून बघतात आणि म्हणतात, "कोरडे आहेत. जा."