एकोणिसावी खोली

संगणकाच्या क्लासात शिकवायला लागल्यापासून त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि चारचौघांत बायकोसुद्धा तेच म्हणायची. पण त्याआधी, बावीस वर्षांपूर्वी, मास्तर खेळ बनवायचे. दोन्ही हातांत धरून खेळायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्राचे खेळ. सहा माणसांच्या त्या कंपनीचा एकच खेळ गाजला. अठरा खोल्यांचं एक घर, प्रत्येक खोलीला पुढच्या खोलीचं दार, आणि शेवटच्या दारातून बाहेर पडलात की जिंकलात. एका खोलीतून दुसरीत जाताना हा खेळ क्षणभरही अडखळायचा नाही. त्या काळी याचं भारी कौतुक झालं. ती दारं मास्तरांनी लिहिली होती आणि ही गोष्ट त्यांनी ओळखीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी ऐकवली होती.

त्या गोष्टीला एक शेपूट होतं. खेळातल्या खोल्या रचायचं काम बायकोकडे होतं, दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायची. पण खेळ बाजारात यायच्या महिनाभर आधी तिनं अचानक काम सोडलं. "हिला झेपलं नाही," असं म्हणून मास्तर हसायचे, पाहुणे हसायचे, आणि बायकोही हसायची. पुढे ती पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागली. साबणापासून बुटांपर्यंत कशाचंही खोकं कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, हे ती ठरवायची. तिथे मात्र तिला सगळं झेपत होतं, पण तिकडे मास्तरांचं कधी लक्ष गेलं नाही.

एका शुक्रवारी मास्तरांना एका अनोळखी मुलीचा मेल आला. ती दातांच्या कवळ्या बनवायची आणि उरलेल्या वेळात जुने खेळ उकलून त्यांच्या पोटात काय काय उरलंय ते शोधायची. न वापरलेली चित्रं, अर्धवट गाणी, कुणीच न बोललेले संवाद. अशा उद्योगी माणसांचा एक मोठा गट होता म्हणे. तिनं लिहिलं होतं, "सर, तुमच्या खेळात एकोणिसावी खोली सापडली. तिला आत जायचं दारच नाही. आत एक बाई आणि एक पुरुष समोरासमोर उभे आहेत. ही खोली कशासाठी होती?"

मास्तर आधी खूश झाले. मग त्यांनी मेल पुन्हा वाचला आणि त्यांची खुशी मावळली. त्या खेळातली ओळ न् ओळ आपल्याला पाठ आहे, असं ते छातीठोकपणे सांगत आले होते. एकोणिसावी खोली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मुलीनं खोलीचं चित्र आणि तिच्या आतला कोडही जोडला होता. कंपनीत दंडक होता, की खोली रचणाऱ्यानं आपला क्रमांक आणि तारीख आत एका ओळीत टाकून ठेवायची. खेळणाऱ्याला ती दिसत नसे. इथे क्रमांक होता चार. चार नंबर बायकोचा. आणि तारीख होती बायकोनं काम सोडल्यानंतर तीन आठवड्यांची.

मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथे.

तो आठवडा विसरण्यासारखा नव्हता. तयार खेळ कंपनीच्या मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या हवाली करून मास्तर घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या अंगावर कांजिण्या उठल्या. तिशी उलटलेल्या माणसाला कांजिण्या! बायकोला लहानपणी त्या झालेल्या नव्हत्या, म्हणून ती पाच दिवस थोरल्या बहिणीकडे राहायला गेली. खोलीवरची तारीख त्या पाचांतल्या तिसऱ्या दिवसाची होती. म्हणजे मास्तर अंगाला लेप फासून पडले होते, तेव्हा बाईसाहेब बहिणीकडे नव्हत्या, कंपनीत होत्या. कंपनीच्या दाराची चावी एकट्या साहेबांकडे असायची. आणि खोलीत एक बाई, एक पुरुष.

सुतावरून स्वर्ग गाठायला मास्तरांना जेवणाच्या सुट्टीएवढा वेळही लागला नाही.

संध्याकाळी बायको जमिनीवर बसून एका नव्या खोक्याचा नमुना कापत होती. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं, उलटंच उघडलं, सरळ केलं.

"मला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा तू कुठे होतीस गं?"

"ताईकडे." तिनं मान वर केली नाही. "का?"

"असंच. पाचही दिवस तिथेच?"

"मग कुठे जाणार? आज कांजिण्या कुठून आठवल्या तुला?"

उत्तर फार पटकन आलं, असं मास्तरांना वाटलं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट माणसाला इतक्या झटकन आठवते? आणि पातं धरलेला तिचा हात मध्येच थांबला होता, तो का? थांबला होता हे नक्की. निदान मास्तरांच्या मते नक्की. ती जेवायला बोलवेपर्यंत ते तिच्या हाताकडे बघत होते.

शनिवारी क्लासाला सुट्टी होती. मास्तरांनी कपाटातल्या खालच्या खणातून आपली जुनी प्रत काढली. साहेबांना दिलेल्या खेळाची ही जोडप्रत, जशीच्या तशी. बाजारातला खेळ त्यांनी त्या मुलीकडून मागवून घेतला आणि दोन्ही शेजारी लावून संगणकाला फरक शोधायला सांगितला. फरक असायचं कारणच नव्हतं. पण फरक तीन निघाले. एक, ती एकोणिसावी खोली. दोन, मास्तरांच्या दारांच्या कोडात एका जागी एक आकडा बदललेला होता. आणि तीन, खेळ संपल्यावर शेवटी जी रिकामी जागा उरते, तिथे काहीतरी अगम्य भरलं होतं.

म्हणजे बावीस वर्षं ज्याच्यावर मास्तर मिरवले, तो खेळ त्यांनी दिलेला नव्हताच. कोणीतरी मागाहून त्यात हात घातला होता. कोणी, ते चार नंबरनं सांगितलंच होतं. कोणाच्या संगतीनं, तेवढं विचारायचं बाकी होतं. शेवटचा अगम्य भाग त्यांनी मुलीकडे पाठवला, हे वाचता येतंय का बघ म्हणून, आणि पायांत चपला सरकवल्या.

साहेबांचं आता गाद्यांचं दुकान होतं. ते एका जाड गादीवर बसून दुसऱ्या गादीची लेबलं शिवत होते. डोक्यावरचे केस गेले होते, पण हसू तेच होतं, आणि आज मास्तरांना ते हसू लबाड वाटलं.

"या मास्तर! गादी हवीय की गप्पा?"

"साहेब, मी कांजिण्यांनी पडलो होतो तेव्हा ही कंपनीत आली होती?"

साहेबांची सुई थांबली. इथेही हात थांबला, मास्तरांनी मनात नोंद केली.

"तुला कोणी सांगितलं?"

"आली होती की नाही?"

"आली होती. तीन दिवस, दुपारी."

"चावी?"

"मीच दार उघडून दिलं." साहेबांनी दोरा दातानं तोडला. "जुनं कशाला उकरतोस, अरे? चांगला संसार चाललाय तुमचा."

"संसाराचं मी बघतो. तीन दुपारी काय करत होतात तुम्ही दोघं?"

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मास्तरांच्या मनात काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण आधी त्यांचा चेहरा लाल झाला आणि मग, यानंच मास्तरांचं डोकं फिरलं, त्यांना हसू फुटलं.

"मी बाहेर बसून पेपर वाचत होतो. ती आत काय करत होती ते तिला विचार. मी तिला शब्द दिलाय, मी सांगणार नाही."

"शब्द दिलाय!"

"हो, दिलाय. आणि मास्तर, घरी जाऊन आरडाओरडा करू नकोस. तोंडघशी पडशील."

मास्तर तणतणत बाहेर पडले. घरी जायला दहा मिनिटं लागायची, त्यांना पाऊण तास लागला. शब्द देण्याइतकी जवळीक! दोघांनी मिळून ताकास तूर लागू दिली नव्हती. बागेपाशी ते एका बाकावर बसले आणि मागची बावीस वर्षं उलटीपालटी करून बघायला लागले. साहेब घरी आले की बायको आत का जायची? साहेबांच्या मुलीच्या लग्नात ती लवकर का निघाली होती? मास्तर दारांची गोष्ट सांगायला लागले की दोघं एकमेकांकडे बघायची, ते का? पूर्वी साध्या वाटलेल्या गोष्टी आता एकेक करून दात दाखवायला लागल्या. त्यांना भीती वाटली. राग तर होताच, पण खाली भीती होती. ही बाई निघून गेली तर आपलं काय होईल, हा विचार त्यांनी आजवर कधी केला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा मेल होता.

"सर, हे तर मजेशीर आहे! खेळ पक्का बांधताना शेवटची मोकळी जागा भरून काढायला संगणक त्या वेळी स्मृतीत जे पडलेलं असेल ते तसंच ओतायचा. तुमच्या खेळात कोणीतरी तेव्हा टाइप केलेली चिठ्ठी ओतली गेलीय. इतकी वर्षं प्रत्येक खेळात ती होती आणि कोणी वाचली नाही. जागा संपल्यामुळे शेवट तुटलाय. खासगी दिसते, म्हणून गटात टाकलेली नाही."

खाली चिठ्ठी होती. मास्तरांनी चष्मा पुसला.

"साहेब, दारांचा घोळ निस्तरला आहे. अठराव्या दारातून गेलं की खेळ लटकत होता. त्यानं दारं एकपासून मोजली होती, यंत्र शून्यापासून मोजतं. एक आकडा बदलला. तपासायला मी खेळातलीच दोन माणसं उभी करून एक खोली केली होती, ती काढत नाही, काढली तर पुढचं सगळं सरकेल. तिचं दार तेवढं बुजवलंय. त्याला यातलं काही सांगू नका. दोघांपैकी एकाला कमी करणार आणि त्याला करणार, हे तुम्ही मला आधी सांगितलंत ते बरं झालं. यापुढे मला बोलावू नका. त्याच्याऐवजी मी उठले, याचं कारण एवढंच की"

पुढे काही नव्हतं.

मास्तर घरी आले ते थेट संगणकापाशी. आपली जुनी प्रत लावली, खेळायला बसले. पहिली खोली, दुसरी, तिसरी. बोटांना रस्ता आठवत होता. अठराव्या दारातून त्यांचा इवलासा माणूस आत शिरला आणि पडदा गोठला. बटणं दाबली, काही हललं नाही. पुन्हा पहिल्यापासून खेळले. पुन्हा तिथेच. क्लासातल्या नव्या पोरांना मास्तर दर वर्षी पहिल्या दिवशी हीच चूक करू नका म्हणून बजावायचे.

बायको मागे येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"साहेबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, मास्तर पेटलाय, सांभाळ. काय वाटलं रे तुला? मी आणि साहेब?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"त्या टकल्याबरोबर?"

"तेव्हा केस होते त्यांना," मास्तर पुटपुटले. एरवी ती हसली असती. आज हसली नाही.

"कालपासून माझ्या हाताकडे टक लावून बघतोयस. मला वाटलं, बोटबीट कापलंय की काय."

मास्तरांनी फोन तिच्यापुढे धरला. तिनं चिठ्ठी वाचली, सावकाश, ओठ हलवत. स्वतःचीच चिठ्ठी, पण परक्याची असावी तशी.

"ही कुठून आली?"

"खेळात होती. पहिल्यापासून."

"अगंबाई," ती खुर्चीत टेकली. "म्हणजे घरोघरी पोचली होती की."

"तू मला सांगायचंस."

"काय सांगायचं? की साहेबांना तू नको होतास? की तुझी दारं अडकत होती?" तिचा आवाज चढला, मग खाली आला. "लोकांसमोर तू म्हणायचास ना, हिला झेपलं नाही. त्या प्रत्येक वेळी मला वाटायचं, आत्ता सांगावं. याच सगळ्यांसमोर सांगावं. फार राग यायचा रे."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण त्यांना आणखीही काहीतरी वाटत होतं, आणि ते लाजेपेक्षा गोड होतं. या बाईनं आपल्यासाठी एवढं केलं. चिठ्ठीचं शेवटचं वाक्य तुटलं असलं तरी ते कुठे जात होतं, ते त्यांना बाकावरच कळलं होतं. आता फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"शेवटचं वाक्य अर्धं राहिलंय," ते हळूच म्हणाले. "याचं कारण एवढंच की... पुढे काय लिहिलं होतंस?"

"तुला काय वाटतं?"

"प्रेम... म्हणजे, तसंच काहीतरी." पन्नाशी उलटलेले मास्तर लाजले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात माया होती, नाही असं नाही.

"प्रेम होतंच. पण प्रेमासाठी कोणी हातचं काम सोडतं का? आणि मला ते काम फार आवडायचं." तिनं फोन त्यांच्या हातात परत ठेवला. "मी लिहिलं होतं, मला काढलंत तर मी दुसरं काहीतरी शोधीन आणि घरी जाऊन जेवीन. त्याला काढून मला ठेवलंत, तर तो मला जन्मभर माफ करणार नाही."

असं कसं, असं काही झालं नसतं, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं, कारण तसंच झालं असतं.