इंचाला बहात्तर धागे

एका इंचात बहात्तर आडवे धागे होते. प्रमोदिनीने पितळी चौकटीचं भिंग उचललं, लुगड्यावर चार बोटं पुढे ठेवलं आणि सुईच्या टोकाने पुन्हा एकेक धागा मोजला. बहात्तरच. बाबांचं लुगडं म्हणजे इंचाला छप्पन्न, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. तापात असो की लगीनसराईच्या घाईत, त्यांचा हात एका धाग्याने चुकला नव्हता.

तिने गुंडाळलेलं कापड उलगडून मागे मोजत नेलं. त्रेसष्ट. अठ्ठावन्न. मग छप्पन्न. बदल दिवाळीनंतरचा होता.

दिवाळीतच दवाखान्यात बाबांच्या, महादेवरावांच्या, पोटातली गाठ कळली होती. त्यांनी डॉक्टरांना आपल्या मापात विचारलं होतं, "साहेब, एक ताना पाच महिने पुरते. तेवढा येळ हाये का मले?"

त्यांच्या घरात माग कधी रिकामा झाला नव्हता. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, हातभर उरले की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा. दोन हजारांवर धागे. एकाने धागे निवडून द्यायचे, दुसऱ्याने बोटांना राख लावून पीळ द्यायचा. आणि गल्लीचा एक नेम होता. ज्याने पीळ दिला, ताणा त्याचा. त्यानेच तो विणून उतरवायचा. तो मध्येच गेला, तर त्या ताण्यावर दुसरं कोणी बसत नसे. शेजारचा देवाजी गेला, तेव्हा त्याचा ताणा असाच कापून कन्हान नदीत सोडला होता, आणि पुढे त्याच्या घरचा माग जळणात गेला होता.

म्हणून गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडून आलेला नवा ताणा जुन्या धोतरात बांधून कोपऱ्यात पडला होता. कोणी विचारलं की महादेवराव म्हणत, "हा तं सरू द्या." आणि संक्रांतीला सरायचा मागावरचा ताणा महाशिवरात्र आली तरी हातभर उरला होता. आज चारला व्यापाऱ्याचा माणूस रुपराव नवा ताणा ठेवायचा की परत न्यायचा, हे शेवटचं विचारायला येणार होता.

"बाबा, तुम्ही ताणा सरायचं टाळून राहिले," प्रमोदिनी म्हणाली.

महादेवरावांनी मागाच्या खड्ड्यातून मान वर केली. "मोजलं का?"

"बहात्तर."

"मले सत्तर वाटत होते," ते खुशीत म्हणाले.

चरख्यावर आडव्या धाग्याच्या कांड्या भरत बसलेली जयवंता, प्रमोदिनीची आई, फणकारली, "मी म्हनतो, कांड्या काहून पुरत नाहीत! मानूस चिमनीवानी जेवते अन् माग हत्तीवानी खाते."

"भेव वाटते का, बाबा?"

"वाटलं ना. पयले आठ दिवस भेवानंच ठोकून ठोकून विनलं. ताना सरला नाही तं आपनही सरनार नाही, असं येडं गनित. मंग, पमी, तुह्या कांद्याची आठोन आली."

प्रमोदिनी कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. दवाखान्यातून परतताना बाबांना दम खायला बसवावं म्हणून तिने त्यांना प्रयोगशाळेत नेलं होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. पाव तास त्यांनी डोळा काढला नव्हता.

"पोटातही असंच असते का वं?"

"असंच, बाबा. थोडं नरम."

"अन् माही गाठ?"

तिने सरळ सांगितलं होतं, "तिच्यातही पेशीच आहेत. कुठं थांबायचं ते विसरल्या."

"म्हंजे विनतच सुटल्या," ते म्हणाले होते, आणि चक्क हसले होते.

"त्या कांद्यात सुईच्या टोकाएवढी फट नव्हती," आता ते म्हणत होते. "म्या म्हनलं, आपन फट काहून सोडावी? दोन दोन ठोके देल्ले. उजेडाले धरून पाह्यलं. पयले उजेड आरपार जाये. आता कापडातच थांबते, कंदिलाच्या धुरकट काचेवानी. चाळीस साल विनलं वं म्या, पाह्यलं नव्हतं."

दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला. रुपराव आत आला आणि त्याने सवयीने कापड चिमटीत धरलं.

"महादेवराव, हे लुगडं होय का सतरंजी? नेसनारी चालन कशी?"

"सावकाश चालन. पाहत पाहत चालन."

"तुमी मजा करा, शेठ मले बोलते," रुपराव कोपऱ्याकडे वळला. "नव्या तान्याचं काय? नेऊ का ठेवू? आज सांगाच लागन."

प्रमोदिनीच्या ओठांवर 'न्या' हा शब्द आला होता. बाबा मध्येच गेले तर आईसमोर ताण्यावर कात्री चालायला नको, एवढंच तिला हवं होतं. पण उत्तर तिचं नव्हतं.

"देवाजीचा ताना कापला तवा मी होतो तिथं," महादेवराव हळू म्हणाले. "धागे चांगले होते गा. एकही कुजला नव्हता."

"म्हनून तं म्हनतो, नेतो."

"चाळीस साल धागे म्या देल्ले," जयवंता मान वर न करता म्हणाली. "पीळ यांचा, ताना यांचा, नावही यांचंच. म्या गुमान धागे देल्ले."

महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं. एखाद्या नव्या नमुन्याकडे पाहावं तसं, बराच वेळ. जयवंता उठली, चुलीशी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांना राख लागलेली होती.

रुपरावने गाठोड्याला हात घातला.

"राहू दे थो," महादेवराव म्हणाले. मागाच्या खड्ड्यातून ते टेकत टेकत वर आले आणि ज्या पाटावर जयवंता चाळीस वर्षं धागे द्यायला बसत आली होती, त्या पाटावर जाऊन बसले. "ताना इथंच राहीन. या खेपी धागे मी देतो. पीळ पमीची माय देईन."