वर्नाबाईंचा न फोडलेला लखोटा

मित्रांनो, मी हळूच बोलतो, कारण शेजारच्या खोलीत कागदांचा चुरा करणारं यंत्र आहे. मी एक जुना लखोटा आहे. अमेरिकेतल्या एका खाणीच्या गावात टपालाने मतं पाठवतात, त्यांतला. माझ्या पोटात आणखी एक लखोटा आहे आणि त्याच्या पोटात वर्ना हलुस्का यांचं मत. ते आजवर कुणीही पाहिलेलं नाही.

छापखान्यातून मी कोरा करकरीत निघालो. पाठीवर दोन रेघा होत्या, एक सहीची, एक तारखेची. वर्नाबाईंचं वय एक्क्याऐंशी, नाकात प्राणवायूची नळी. रांगेत उभं राहणं आता त्यांना जमत नव्हतं. टेबलावरचं पिरोगीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, पीठ पुसून त्यांनी मला पुढ्यात घेतलं. गावातली एकुलती एक रुग्णवाहिका ठेवायची की बंद करायची, यावर मतदान होतं. त्या गाडीने बाईंना दोनदा वाचवलं होतं.

"आई, आटप ना! पोस्टमन जाईल," लेक जोलीन दारातून ओरडली.

"थांब गं, घोड्यावर बसून आलीस का?"

सही झाली. मग तारीख. दर आठवड्याला दवाखान्याचे अर्ज भरून बाईंच्या हाताला एकच तारीख बसली होती. त्यांनी जन्मतारीख लिहिली! मला दिसलं, पण लखोट्याला तोंड कुठलं? जोलीनने दारातल्या टपालपेटीत मला टाकलं आणि पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचं लाल निशाण वर केलं.

निवडणूक कचेरीत तिथल्या कारकून थेडाबाईंनी माझ्यावर वेळेत पोचल्याचा शिक्का मारला आणि थबकल्या. "अगं बाई, या काय तान्हं बाळ असताना मत द्यायला बसल्या?" सगळे हसले. मला मात्र वेगळ्या खोक्यात टाकलं. तिथे तारीख चुकलेले किंवा राहिलेले आम्ही चौतीस जण होतो.

प्रकरण न्यायालयात गेलं. पहिल्या न्यायाधीशांनी लिहिलं, शिक्क्यावरून लखोटा वेळेत आल्याचं कळतं, तारखेवाचून काही अडत नाही, मतं मोजा. आम्हाला टेबलावर मांडलं, कात्री आली, आणि तेवढ्यात वरच्या न्यायालयाचा निकाल आला. कायद्यात तारीख लिहा म्हटलंय, ती सूट आम्ही देऊ शकत नाही. कात्री खाली ठेवली गेली.

रुग्णवाहिका अकरा मतांनी गेली. आमच्या खोक्यात कुणाचा कौल काय होता, देव जाणे.

बावीस महिने आम्हाला जपायचं, मग यंत्रात घालायचं, असा नियम आहे. मी दिवस मोजत भीतभीत पडून होतो. अशात एके सकाळी थेडाबाई माझ्याच खोक्याला टेकून फोनवर बोलू लागल्या.

"मिसेस हलुस्का, नव्या मतदानाचे कागद पाठवू ना? तारखेची जागा या वेळी मोठी केलीय हो."

पलीकडचा आवाज मी लगेच ओळखला. "नको गं बाई. परत चुकले तर? माझ्या चुकीवर कोर्टात खल झाला. नकोच पाठवू."

"अहो, मी येते ना घरी, शेजारी बसते."

"राहू दे. साठ वर्षं दिलं मत, पुरे झालं."

थेडाबाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी टपालाने मत देणाऱ्यांच्या यादीतल्या वर्नाबाईंच्या नावावर रेघ मारली.

मित्रांनो, माझं काय, मी कागद. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस असा कागद घेऊन बसलं, तर दारातून घाई करू नका. जवळ बसा, शेवटची रेघसुद्धा वाचा. त्या सकाळपासून मला यंत्राची तेवढी भीती वाटत नाही. वर्नाबाईंच्या त्या 'नको'ची वाटते.